आधी यादी करा, मग खोली रिकामी करा

प्रति,
मुंबई, ठाणे आणि पुण्यातल्या ज्यू संस्थांचे विश्वस्त,
तसेच राज्यातले जुने सरकारी कागद ज्यांच्या ताब्यात आहेत ते सर्व अधिकारी

विषय : हिटलरच्या छळातून पळून इकडे आलेल्या ज्यू निर्वासितांचे आपल्याकडे उरलेले कागद आणि आवाज

शलोम आणि सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या एका संस्थेच्या फळ्यावर चार ओळींची सूचना लागली. इमारत पुनर्विकासाला जाणार, तेव्हा जिन्याखालच्या खोलीतलं 'जुने सामान व रद्दी' महिनाअखेर निकालात काढलं जाईल, कोणाचं काही असल्यास घेऊन जावं. खाली सही आणि शिक्का. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. भांडण एकाच संस्थेशी असतं तर पत्र हातोहात नेऊन दिलं असतं. अशा जिन्याखालच्या खोल्या, पोटमाळे आणि किल्ली हरवलेली कपाटं मी बरीच पाहिली आहेत, काही आपल्या समाजाची, काही सरकारची. म्हणून हे पत्र उघड्यावर.

त्या खोलीत मी दोनदा गेले आहे. मोडक्या खुर्च्या, लग्नकार्यातली पातेली, मलिद्याची जुनी ताटं, एक बंद पंखा, आणि मागच्या भिंतीला टेकून सात ट्रंका. एकीचं झाकण उघडं होतं. सगळ्यात वरची फाइल हमीपत्रांची, १९३८-३९ सालची. अमुक डॉक्टर, अमुक दंतवैद्य, अमुक चामड्याचा व्यापारी मुंबईत आला तर तो सरकारवर भार होणार नाही, त्याच्या पोटापाण्याची जबाबदारी आमची, अशी पत्रं. ओल लागून कडा काळ्या पडल्या होत्या, शाई मात्र शाबूत होती. पुढचे कागद मी उलगडले नाहीत. ओले कागद घाईने उलगडले की फाटतात, आणि त्या दिवशी माझ्याजवळ वेळही नव्हता, परवानगीही नव्हती.

त्या ट्रंकांना सूचनेत 'रद्दी' म्हटलं आहे.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात बांधणी विभागात एकतीस वर्षं काम केलं. कसर, वाळवी, बुरशी आणि सेलोटेप हे माझे जुने वैरी. सेलोटेप त्यातला सगळ्यात वाईट, कारण तो प्रेमाने लावलेला असतो. पण हे पत्र मी बाइंडर म्हणून लिहीत नाही. एका कंपाउंडरची नात म्हणून लिहिते.

माझे आजोबा भायखळ्याला एका दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर व्हिएन्नाचे. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि वर्षभरात हा माणूस एक बॅग घेऊन बोटीने मुंबईला उतरला. त्याच्या पासपोर्टवर तांबडा 'जे' मारलेला होता आणि नावात एक जास्तीचं नाव घुसवलं होतं : इस्राएल. १ जानेवारी १९३९ पासून जर्मन राज्यातल्या ज्यू पुरुषांना 'इस्राएल' आणि बायकांना 'सारा' हे नाव लावायची सक्ती होती, म्हणजे कागदावर माणूस लांबूनच ओळखू यावा. आजोबा सांगायचे, डॉक्टरांनी पासपोर्ट दाखवला तेव्हा आपल्याला आधी आनंदच झाला, आपलंच कोणी भेटलं असं वाटलं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे, घाणा चालवणारे लोक. जे नाव आम्ही बारशाला आणि लग्नाला मोठ्याने घेतो ते कोणीतरी डागासारखं वापरतंय, हे त्यांना समजायला दोन दिवस लागले.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि पोलीस डॉक्टरांना घेऊन गेले. गुन्हा काय, तर शत्रुराष्ट्राचा नागरिक. नगरच्या छावणीत सुरुवातीला नात्झी पक्षाची माणसं आणि त्या पक्षाच्या भीतीने पळालेले ज्यू एकाच तारेमागे होते. पुढे सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी केली आणि १९४० च्या सुरुवातीला बरेच ज्यू सुटले, त्यात आमचे डॉक्टर होते. तोवर आजोबांनी दवाखान्याची किल्ली कमरेला बांधून ठेवली होती. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी डॉक्टर देश सोडून गेले. जाताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आजोबांकडे ठेवला, पत्ता कळवतो, मग पाठवा म्हणाले. पत्ता आला नाही. डबा आजोबांकडून बाबांकडे आणि बाबांकडून माझ्याकडे आला.

डब्यात रेड क्रॉसचे चार निरोप आहेत. युद्धात शत्रुदेशात टपाल जात नव्हतं. रेड क्रॉसच्या छापील कागदावर जास्तीत जास्त पंचवीस शब्द, तेही फक्त घरगुती, सेन्सॉरच्या हातून जिनिव्हामार्गे फिरत फिरत जायचे आणि उत्तर त्याच कागदाच्या पाठीवर यायचं. चौथा निरोप डॉक्टरांच्या आईवडिलांचा, १९४२ च्या वसंतातला. तब्येत बरी आहे, प्रवासाला निघतो आहोत, नवा पत्ता कळवू, इतकाच मजकूर. मी जर्मन शिकले ती या चार कागदांपायी, पन्नाशी उलटल्यावर. मग व्हिएन्नातल्या प्रतिकार चळवळीच्या दस्तऐवज केंद्राच्या नामसूचीत ती दोन नावं शोधली. प्रवास कुठला होता ते तिथे लिहिलेलं आहे. मे ते ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हिएन्नाच्या आस्पांग स्टेशनातून गाड्या सुटत होत्या, मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तेनेत्स या हत्याकांडाच्या जागी. ऑस्ट्रियातले जवळजवळ दहा हजार ज्यू तिथे नेले. त्यातले वाचल्याचं माहीत आहे असे सतरा जण. या दोघांची नावं त्या सतरात नाहीत.

जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारक-संग्रहात, मारल्या गेलेल्या प्रत्येकासाठी एक साक्षीपत्र भरता येतं. डॉक्टरांना मूलबाळ नव्हतं. ते पत्र मी भरलं. 'मृताशी नातं' या रकान्यापुढे पेन धरून बराच वेळ बसले आणि शेवटी लिहिलं : मुलाच्या कंपाउंडरची नात. साठ लाखांपैकी पन्नास लाखांच्या आसपास नावं आजवर जमली आहेत. उरलेली अशाच कुठल्यातरी डब्यात असतील तर असतील.

आता तक्रारी.

पहिली तक्रार आपल्याच ज्येष्ठांबद्दल, म्हणून आदराने. एक विश्वस्त मला म्हणाले, "बाई, तो आपला इतिहास नाही. ते युरोपियन लोक, आले आणि गेले." आले आणि गेले, हे खरं. पण त्यांना इथे येता यावं म्हणून हमीवर सह्या कोणी केल्या? १९३४ साली मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन निघाली. सरकार निर्वासितांना व्हिसा द्यायला नाखूश होतं. असोसिएशनने हमी घेतली की दार थोडं किलकिलं व्हायचं. सही केली तर एक माणूस बोटीवर चढणार, नाही केली तर तो तिथेच राहणार. तिथे राहणं म्हणजे काय हे सह्या करणाऱ्यांना तेव्हा पुरतं माहीत नव्हतं, आपल्याला आहे. आणि हो, त्या ट्रंकांत नाकारलेले अर्जही असणार. कोणाला हो म्हटलं आणि कोणाला नाही, हे दोन्ही त्यात असणार. मला कधीकधी वाटतं, आपल्याला या कागदांचा कंटाळा नाही, थोडी धास्ती आहे.

जे निर्वासित नावाजले त्यांची सोय लागली. आकाशवाणीची सकाळची ती धून ज्यांच्या नावावर सांगतात ते वॉल्टर कॉफमन १९३४ साली मुंबईला आले, पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. नर्तकी हिल्डे होल्गर व्हिएन्नाहून १९३९ साली आल्या, मुंबईत नाच शिकवला, मग लंडनला गेल्या. चित्रकार वॉल्टर लांगहॅमर यांच्या घरी रझा आणि आरा यांच्यासारखी तरुण पोरं जमायची, ते चित्रकलेच्या इतिहासात आलं. त्यांच्याबद्दल लिहिणारे आहेत, लिहितील. दवाखाना चालवणारा, चष्मे घासणारा, कारखान्यात हिशेब लिहिणारा निर्वासित मात्र फक्त आपल्या ट्रंकेत आहे.

दुसरी तक्रार 'रद्दी' या शब्दाबद्दल. त्यासाठी दोन गोष्टी सांगते, कारण विश्वस्तांना कदाचित त्या कोणी सांगितल्या नसतील. नोव्हेंबर १९४० मध्ये वॉर्साचा घेटो, म्हणजे ज्यूंना कोंडलेली वस्ती, भिंतीआड बंद केली, त्याच महिन्यात इमानुएल रिंगेलब्लुम नावाच्या इतिहासकाराने काही माणसं जमवून गुपचूप कागद गोळा करायला सुरुवात केली. गटाला नाव दिलं 'ओनेग शब्बात', शब्बाथचा आनंद, कारण ते शनिवारी जमत. काय गोळा केलं? डायऱ्या आणि साक्षी तर होत्याच, पण ट्रामची तिकिटं, शिधापत्रिका, भिंतीवरची पत्रकं, शाळेतल्या पोरांचे निबंध, खाऊच्या गोळ्यांचे कागदसुद्धा. आपल्या हाती दिलं तर आपण एका मिनिटात रद्दीवाल्याला देऊ, असला माल. ऑगस्ट १९४२ मध्ये, रोज हजारो माणसं त्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेली जात असताना, नोवोलिप्की रस्त्यावरच्या ६८ नंबरच्या शाळेच्या तळघरात दहा पत्र्याच्या पेट्या पुरल्या. पुरणाऱ्यांत दाविद ग्राबेर नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. जे जगाला ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरतो आहोत, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं. फेब्रुवारी १९४३ मध्ये आणखी कागद दुधाच्या दोन किटल्यांत घालून पुरले.

रिंगेलब्लुम मारले गेले, ग्राबेर मारला गेला. त्या पन्नास-साठ जणांतले तिघेच जगले. त्यातल्या हेर्श वासेर यांना जागा माहीत होती म्हणून सप्टेंबर १९४६ मध्ये ढिगाऱ्याखालून पेट्या निघाल्या. पेट्यांत पाणी शिरलं होतं, कागद भिजले होते. किटल्या डिसेंबर १९५० मध्ये बांधकामाच्या मजुरांना सापडल्या, त्यातले कागद बरेच चांगले होते. तिसरा साठाही पुरला होता म्हणतात, तो आजपर्यंत मिळाला नाही. मिळाले त्यांची मिळून सुमारे ३५ हजार पानं झाली. वासेर त्या वर्षांत दगावले असते तर? मला रात्री हा प्रश्न पडतो, आणि लगेच आपल्या जिन्याखालची खोली आठवते. त्या ट्रंकांत काय आहे हे माहीत असलेला आपल्यातला शेवटचा माणूस कोण? आपले जुने चिटणीस चार वर्षांपूर्वी गेले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट व्हिएन्नाची, आणि ती तर हुबेहूब आपलीच आहे. २००० साली तिथल्या ज्यू समाजाच्या मालकीच्या एका रिकाम्या घरात, हेर्कलोट्सगासे नावाच्या गल्लीत, आठशेच्या आसपास खोकी आणि कार्डांची कपाटं सापडली. पाच लाखांवर पानं. त्या समाजाच्या संग्रहातले एक महत्त्वाचे कागद म्हणजे १९३८ साली देश सोडायला निघालेल्या कुटुंबप्रमुखांनी भरलेल्या प्रश्नावल्या : धंदा काय, भाषा कोणत्या येतात, नवा कोणता धंदा शिकलात, कुठे जायचंय, परदेशात नातेवाईक आहेत का. अर्धशतकाहून जास्त काळ ते सगळं स्वतःच्याच घरात पडून होतं आणि समाजाला पत्ता नव्हता. त्यांनी ते फेकलं नाही. आधी मोजलं.

माझ्या कल्पनेची हद्द इतकीच आहे : तिकडच्या एखाद्या प्रश्नावलीत 'कुठे जायचंय' पुढे 'मुंबई' लिहिलेलं असेल, आणि त्याच माणसाचं हमीपत्र आपल्या ट्रंकेत असेल. दोन अर्धे कागद. आपला अर्धा आपण महिनाअखेर विकणार आहोत, आणि किलोला किती भाव मिळेल हे तुम्हालाही ठाऊक आहे.

धर्माचं म्हणाल तर विश्वस्त मला शिकवतील, मी त्यांना नाही. तरी आठवण देते. सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, जीर्ण झाला तर आपण तो फेकत नाही, दफन करतो. देवाचं नाव असलेला कागद गनीझात, म्हणजे अशा कागदांसाठी राखलेल्या जागी, ठेवतो. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगचा गनीझा ही अशीच एक खोली होती, त्यात कोणी धर्माचे कागद टाकले तर कोणी व्यापाराचे, आणि त्यामुळेच आज हिंदी महासागरातल्या बाराव्या शतकातल्या ज्यू व्यापाऱ्यांची पत्रं वाचता येतात. गंमत म्हणजे १८९० च्या सुमारास ते सिनेगॉग पाडून नव्याने बांधलं, म्हणजे पुनर्विकासच, तेव्हा ते कागद अंगणात आले आणि त्यातले कितीतरी दलालांच्या हाती गेले.

तिसरी तक्रार सरकारी दफ्तरांबद्दल. १९३९ च्या परदेशी नागरिक नोंदणी कायद्यामुळे प्रत्येक निर्वासिताची नोंद पोलिसांकडे होती. छावण्या आणि नजरकैदेची ठिकाणं बहुतेक याच मुलखात : नगर, देवळाली, सातारा, पुरंदर. पुरंदर म्हटलं की आपल्याला मुरारबाजी आठवतो आणि १६६५ चा तह आठवतो, चौथीपासून पाठ आहे. त्याच गडावर दुसऱ्या महायुद्धात ज्यू कुटुंबं आणि जर्मन मिशनरी नजरकैदेत राहत होते, हे गडावर जाणाऱ्या किती जणांना माहीत आहे? नगरच्या किल्ल्यात नेहरू होते हे प्रत्येकजण सांगतो. त्याच गावातल्या छावणीबद्दल विचारलं की समोरचा माणूस घड्याळाकडे बघतो.

मी एका कार्यालयात माहिती अधिकाराखाली अर्ज केला. उत्तर आलं, 'सदर अभिलेख आढळून येत नाही.' निर्लेखन, म्हणजे कागद नष्ट करणं, झालं असल्यास त्याची नोंदवही दाखवा, असा दुसरा अर्ज केला. उत्तर : 'सदर नोंदवही आढळून येत नाही.' ज्या कारकुनाने मला खुर्ची दिली, चहा दिला, त्याच्यावर माझा राग नाही. तो म्हणाला, "मॅडम, यादीच नाही, तर काय गेलं ते तरी कसं सांगू?" इतकं खरं बोलणारा माणूस मला त्या महिन्यात दुसरा भेटला नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी नोंदवही होती, तर तिच्यात 'ज्यू' हा शब्दच नव्हता. सगळे 'जर्मन', 'ऑस्ट्रियन', 'शत्रुराष्ट्रीय'. हा फक्त जुन्या कारकुनाचा आळस नाही. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने देशाबाहेर गेलेल्या ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं, म्हणजे जर्मनीच्या लेखी ते जर्मन उरले नाहीत. आणि इथल्या ब्रिटिश दफ्तरात ते जर्मनच राहिले. आज कोणी संशोधक 'ज्यू' असा शब्द घालून शोधेल तर त्याला काही मिळणार नाही, आणि तो लिहील की इथे काही नव्हतं. फाइल जपली पण नाव चुकीचं ठेवलं तर ती हरवलेलीच. केंद्राच्या १९९३ च्या कायद्यात १८९२ पूर्वीच्या सरकारी कागदांना विशेष संरक्षण आहे. त्यानंतरच्या कागदांचं भवितव्य अधिकाऱ्याच्या वर्गवारीवर. १९३९ ची फाइल नेमकी त्या दरीत पडते : इतिहास म्हणायला फार नवी, कामाची म्हणायला फार जुनी.

चौथी तक्रार आवाजांबद्दल. १९९० च्या दशकात आपल्यातल्या एका उत्साही शिक्षकांनी म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून कॅसेटी भरल्या होत्या. त्यात दोन निर्वासित बायका होत्या ज्या लग्न करून इथेच राहिल्या. त्या कॅसेटी मी एका कपाटात पाहिल्या, पांढरी बुरशी चढलेल्या. मुंबईच्या चार पावसाळ्यांत जे होतं ते तिशीभर पावसाळ्यांत झालं. अशी कॅसेट घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका हो, फीत चिकटून तुटते. जाणकाराच्या हाती गेली तर अजून ऐकू येईल. १९४६ साली डेव्हिड बोडर नावाचा मानसशास्त्रज्ञ शिकागोहून युरोपात गेला, सोबत तारेवर आवाज घेणारं यंत्र. छावण्यांतून नुकत्याच सुटलेल्या माणसांच्या आणि इतर निर्वासितांच्या सुमारे १३० मुलाखती त्याने नऊ भाषांत घेतल्या, जेव्हा 'होलोकॉस्ट' हा शब्दही या अर्थाने रुळला नव्हता. केसाएवढ्या तारेवरचे ते आवाज आज ऐकता येतात, कारण कोणीतरी ते वेळेवर तारेवरून फितीवर आणि फितीवरून संगणकावर उतरवले. येल विद्यापीठाच्या संग्रहात १९७९ पासूनच्या ४,४०० च्या वर साक्षी आहेत, त्यांनाही हेच करावं लागलं. आवाज एकदा साठवून भागत नाही. दर काही वर्षांनी त्याचं बिऱ्हाड हलवावं लागतं.

माणसं तर थांबणारच नाहीत. जानेवारी २०२४ च्या मोजणीप्रमाणे छळातून वाचलेले सुमारे २ लाख ४५ हजार ज्यू जगात हयात होते, सगळे वृद्ध. आपल्याकडे आलेली तेव्हाची लहान मुलं आज नव्वदीच्या आसपास. शिवाय साक्षी फक्त त्यांच्याच नाहीत. शेजारी होते, नर्स होत्या, डॉक्टरांकडे खोकल्याचं औषध घ्यायला येणारी चाळीतली पोरं होती. माझ्या आजोबांची मुलाखत कोणी घेतली नाही, कारण ते फक्त कंपाउंडर.

कोल्हापूरने हे करून दाखवलंय. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते ४८ पाचएक हजार पोलिश निर्वासित होते, बहुतेक कॅथलिक, रशियाच्या तावडीतून सुटलेले. त्यांची गोष्ट वेगळी. पण त्यांनी याद्या ठेवल्या, आपसात संघटना ठेवली, आणि २०१९ साली पोलंडहून पाहुणे आले तेव्हा कोल्हापूरकरांकडे सांगायला नावं होती.

पाचवी तक्रार लहान आहे. २७ जानेवारीला, होलोकॉस्ट स्मृतिदिनी, आपण मेणबत्त्या लावतो. दरवर्षी कोणीतरी पाहुणा म्हणतो की भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही. आमच्यापुरतं ते खरं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्याच मातीत, इंग्रज सरकारच्या हुकमाने का होईना, हिटलरपासून पळालेला माणूस तारेमागे बसला होता, हे त्या संध्याकाळी कोणी बोलत नाही. बोललं तर मेणबत्ती विझत नाही.

आता तुमची बाजू, जेवढी मला समजते तेवढी. जागा नाही, पैसे नाहीत, काम करणारे तरुण इस्राएलला गेले. तिन्ही खरं. कोणाच्या घरचं दुःख चव्हाट्यावर कशाला, असंही एकांनी विचारलं. हा प्रश्न मला मान्य आहे. त्या फाइलींत कोणाच्या आजाराचं असेल, कोणी कोणाविरुद्ध केलेल्या चुगलीचं असेल. काही पानं आणखी काही वर्षं बंद ठेवावीत असं मीही म्हणेन. पण यादी करणं म्हणजे छापणं नव्हे. आणि खाजगीपणाच्या नावाखाली सगळंच बंद ठेवलं की काय होतं तेही पाहा. जर्मनीतल्या बाड आरोल्सेनला १ कोटी ७५ लाख माणसांच्या नोंदी असलेला संग्रह आहे. तो संशोधकांना २००७ साली खुला झाला. युद्ध संपल्यावर बासष्ट वर्षांनी. तोवर कितीतरी वाचलेली माणसं आपल्या आईबापांचं काय झालं हे न कळताच गेली. मी भरलेलं साक्षीपत्र डॉक्टरांनी स्वतः भरायला हवं होतं.

मराठी माणसाला हे काम नवं नाही. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यांवरचे आणि वाण्याच्या पुडीत जाणारे कागद त्यांनी सोडवले, आणि साधनांचे बावीस खंड काढले. पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधून ठेवले म्हणून आज उलगडता येतात. आपल्याला एवढं मोठं काम नाहीच. सात ट्रंका आहेत.

माझ्या मागण्या :

जिन्याखालची खोली रिकामी करणं यादी होईपर्यंत थांबवा. पुनर्विकास थांबवू नका, ट्रंका कोरड्या जागी हलवा, इतकंच. प्रत्येक ट्रंकेतल्या प्रत्येक फाइलची एक ओळ : वर्ष, भाषा, कशाबद्दल. अक्षर लागत नसेल तर 'जर्मन, हस्तलिखित' एवढंही चालेल.

बाकीच्या विश्वस्त मंडळांनी आपापली कपाटं उघडून पाहावीत, आणि काही मिळालं नाही तर तसंही लिहून कळवावं.

कॅसेटी वाजवू नका, पुसू नका, उन्हात ठेवू नका. कोरड्या डब्यात उभ्या ठेवा. त्या उतरवून घेण्याचा खर्च समाजातून गोळा करू, पहिले दहा हजार माझे.

सरकारी अधिकाऱ्यांकडे दोनच गोष्टी मागते. १९३३ ते १९४८ मधल्या परदेशी नागरिक, छावणी आणि नजरकैद या विषयांच्या कोणत्याही फाइलीचं निर्लेखन पुराभिलेख तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय करू नये. आणि ज्या फाइली आहेत त्यांच्या सूचीत जुन्या शीर्षकाशेजारी 'ज्यू निर्वासित' हा शब्द जोडावा. जुनं शीर्षक खोडू नका, तेही पुरावाच आहे.

यादी झाल्यावर तिची एक प्रत राज्याच्या पुराभिलेखागाराला, एक याद वाशेमला आणि एक व्हिएन्नाच्या ज्यू समाजाला पाठवू. पत्रं मी लिहून ठेवली आहेत.

मुलाखतींचं काम माझ्या एकटीने होणारं नाही. कोणाच्या आजीला, मावशीला, शेजारच्या काकांना त्या काळातला एखादा 'गोरा डॉक्टर' किंवा 'जर्मन बाई' आठवत असेल तर त्यांना नुसतं बोलतं करा, फोनमध्ये आवाज भरून घ्या आणि ठेवून द्या. नाव, गाव, साल विचारा. रडल्या तर थांबा, चहा द्या, मग पुढे.

डब्याचं मी ठरवलं आहे. चारही निरोप आम्लरहित कागदात घालून वेगळ्या पाकिटांत ठेवलेत, छायाप्रती केल्यात. पुढे ते व्हिएन्नाला द्यायचे की इथे ठेवायचे, हे अजून माझ्या मनात नक्की होत नाही. ते इथे आले होते, इथेच वाचले गेले होते.

गुरुवारी दुपारी दोननंतर मी मोकळी असते. मास्क, मऊ ब्रश आणि टिपकागद माझे मी आणते. भाचा उचलाउचलीला येईल म्हणालाय. खोलीची किल्ली सध्या कोणाकडे आहे तेवढं कळवा.

आपली नम्र,
कंपाउंडरची नात
ठाणे